पंप चालू आहे ना?

माझे सासरे फ्रिजला हात लावून बघायचे. दार उघडायचे नाहीत. नुसता बाजूला तळवा टेकवायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "हा आता फार दिवस काढत नाही." लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला वाटलं, उकाड्यामुळे थंडावा घेत असतील. पुढे मिक्सर, टेबलफॅन, शेजाऱ्यांची स्कूटर, सगळ्यांच्या पाठीवरून तो हात फिरताना पाहिला. माझा मुलगा तान्हा होता तेव्हा एकदा त्याच्या छातीवरही तसाच तळवा ठेवून ते बराच वेळ बसले आणि म्हणाले, "उत्तम चाललंय." डॉक्टरांपेक्षा मला त्याच बोलण्यानं बरं वाटलं होतं.

सगळा गाव त्यांना पंपवाले म्हणे. मी मामंजी म्हणायची, कारण माझ्या आईनं पाठवताना तसं सांगितलं होतं. त्यांचं खरं नाव फक्त पेन्शनच्या पाकिटावर असायचं.

आमच्या गावाचा खालचा भाग नदीपेक्षाही सखल. नदीच्या काठानं मातीचा बांध, आणि बांधाच्या अलीकडे दलदल. वरच्या अंगाचं सगळं पाणी तिथे येऊन साचायचं आणि नदीत जायला त्याला वाट नव्हती. म्हणून बांधावर पंपघर बांधलं होतं आणि त्यात खोलीएवढं डिझेल इंजिन. ते दलदलीतलं पाणी उपसून बांधावरून पलीकडे नदीत टाकायचं. त्याच्या जिवावर खालची वसाहत कोरडी राहायची. पंप थांबला की पाणी चढायचं आणि लोकांच्या उंबऱ्याला लागायचं. मामंजींचं घरही त्याच वसाहतीत होतं, पंपाचा धक धक आवाज स्वयंपाकघरात ऐकू येईल इतक्या जवळ.

लोकांना वाटायचं, बटण दाबून हा माणूस दिवसभर विड्या ओढत बसत असेल. पण खरं काम पंपाचं नव्हतं, पाणी आत येतं त्या तोंडावरच्या जाळीचं होतं. दलदलीतली जलपर्णी, गवत, मेलेली कोंबडी, कुणाची तरी चप्पल, सगळं त्या जाळीला येऊन चिकटायचं. ते लांब दांड्याच्या दाताळ्यानं सारखं ओढून काढावं लागे. जाळी तुंबली की पंप हवा धरतो, म्हणजे पाण्याऐवजी हवाच ओढायला लागतो, आणि एकदा हवा धरली की त्याला पुन्हा पाणी पाजून चालू करेपर्यंत अर्धी वसाहत ओली होते. हवा धरायच्या आधी आवाज किंचित बदलतो. मामंजी जेवताना हातातला घास तसाच ठेवून उठायचे, कारण त्यांना तो बदल ऐकू यायचा. दुसऱ्या कुणाला यायचा नाही.

माझ्या सासूबाईंना मी पाहिलेलं नाही. त्या दम्यानं गेल्या तेव्हा माझी नणंद तिसरीत होती आणि माझा नवरा नुकता चालायला लागला होता. मला त्या ठाऊक आहेत त्या जुन्या शेजारणींच्या तोंडून. त्या म्हणे पंपाला 'माझी सवत' म्हणायच्या. कुणी बोलावलं की म्हणायच्या, "यांना विचारते, पण सवत सोडेल तर ना." बोलायला फटकळ होत्या असं ऐकलंय. आमचं जमलं असतं, नाहीतर रोज भांड्याला भांडं लागलं असतं. दोन्ही चाललं असतं मला.

त्या गेल्या तो दिवस घरात कुणी कधी पुरता सांगितला नाही. तुकड्यातुकड्यांनी मला कळला. सकाळपासून असा पाऊस, की समोरचं घर दिसेना. रस्ता पाण्याखाली गेल्यामुळे मामंजींच्या जागी येणारा पाळीचा माणूस पोचलाच नाही. दलदल फुगली होती आणि जाळीवर जलपर्णीचे ढीग येत होते. सासूबाईंना घरी दम लागला. शेजारीण भिजत पंपघरात बोलवायला गेली. मामंजी म्हणाले, "पाळीचा माणूस आला की निघतोच." माणूस संध्याकाळी आला, नावेतून. मामंजी घरी पोचले तेव्हा शेजारणींनी घर भरलेलं होतं. एवढंच. ही गोष्ट आमच्या घरात एका वाक्यात संपायची. त्या दिवशी पंप सोडता आला नाही.

त्यानंतर त्यांनी दोन्ही मुलं एकट्यानं वाढवली. मुलगी शाळेत जायची, आणि माझ्या नवऱ्याला ते पंपघरात घेऊन जायचे. तो पाण्यात पडू नये म्हणून त्याच्या कमरेला दोरी बांधून दुसरं टोक बाकाच्या पायाला. नवरा सांगतो, की तो पहिला शब्द 'आई' बोलला नाही, 'बाबा'ही नाही, 'धक' बोलला. तो हे हसत सांगतो. मला त्याचं हसू यायचं बंद झालं त्याला बराच काळ लोटला.

मामंजी निवृत्त झाल्यावर आम्ही गावाच्या वरच्या टोकाला, चढावर, घर घेतलं. तिथून पंप ऐकू येत नव्हता. पहिले काही दिवस मामंजी बेचैन होते. मग त्यांनी एक प्रथा पाडली. माझा नवरा टाइल्सच्या दुकानात कामाला, आणि घरी येताना त्याचा रस्ता बांधावरून जायचा. तो संध्याकाळी दारात चपला काढत असतानाच आतून प्रश्न यायचा, "चालू आहे ना?" नवरा सांगायचा, "चालू आहे." मग मामंजी चहाला हात लावायचे. एखाद्या दिवशी नवऱ्याला उशीर झाला की चहा गार व्हायचा आणि मी दोघांच्या नावानं बोटं मोडायची.

मग मामंजींचं खुब्याचं हाड मोडलं आणि ते दवाखान्यात पडून होते, त्याच काळात पंप बंद झाला. खालच्या वसाहतीची जमीन खचत होती, भिंतींना भेगा गेल्या होत्या आणि लोक आधीच एकेक करून वर राहायला आले होते. राखायला कोणी उरलं नाही तर पाणी उपसायचं कशाला, असं ठरलं. बांध एका जागी फोडला, पाणी आत घेतलं आणि थोड्याच वर्षांत तिथे पक्षी आले म्हणून कुंपण घालून अभयारण्य केलं. पंप बंद झाला त्या दिवशी नवरा ही बातमी घेऊन दवाखान्यात गेला होता. खाटेवरून प्रश्न आला, "चालू आहे ना?" आणि याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "चालू आहे."

तेव्हाच मी म्हटलं होतं, उद्या सांगून टाक. उद्याचं परवा झालं. मामंजी घरी आले, पण चढउतार करणं त्यांना पुन्हा जमलं नाही. डोळ्यांमुळे पेपर आधीच सुटला होता. मग रोज संध्याकाळी तोच प्रश्न आणि तेच उत्तर. आमच्या घरात भांडी, धुणं, झाडलोट असायची तसंच हे खोटंही एक रोजचं काम होऊन बसलं. नवरा आजारी पडला तर मी करायची. एकदा वैतागून मी त्याला विचारलं, हे कुठवर चालवायचं. तो म्हणाला, "आईच्या बदल्यात त्यांच्याकडे तेवढं एकच आहे. तेही काढून घेऊ?"

पुढच्या वेळी तो आजारी पडला तेव्हा मी न कुरकुरता 'चालू आहे' म्हटलं.

माझी नणंद लांब राहते, विमानाचा प्रवास आहे. तिला मी ताई म्हणते. यंदा ती बऱ्याच वर्षांनी, आपल्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन सुट्टीला आली. पहिल्याच संध्याकाळी नवरा दारात आला, मामंजींनी विचारलं, "चालू आहे ना?" आणि ताई भाजी निवडता निवडता उठून आत निघून गेली. दुसऱ्या दिवशीही तसंच. प्रश्न आला की बाई उठायची. मी मनात म्हटलं, माहेरवाशिणीला म्हाताऱ्या बापाचं तेच तेच ऐकायचा कंटाळा आलाय, आम्ही वर्षाचे बारा महिने ऐकतो ते कुणी बघत नाही. असं मी नवऱ्याला बोलूनही दाखवलं.

एक दिवस जेवताना ताई मोबाईल पुढे करून म्हणाली, "इथे जवळ एक पाणथळ अभयारण्य झालंय म्हणे. फोटो बघा, काय पक्षी आहेत. पाण्यावरून लाकडी वाट आहे, बाबांनाही चालता येईल. रविवारी सगळे जाऊ." अभयारण्याला कुठल्यातरी पक्ष्याचं नाव दिलं होतं आणि फाटक नव्या हमरस्त्याच्या बाजूला, म्हणजे पार पलीकडच्या अंगाला होतं. पंप बंद झाल्याचं आम्ही तिलाही कळवलं नव्हतं, त्यामुळे ही आपलीच दलदल हे तिला कळायचं काही कारणच नव्हतं. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"पाणथळ म्हणजे दलदलच ना?" मामंजी म्हणाले. "येतो की. बघू तरी, दुसऱ्यांची दलदल कशी असते." आणि नवऱ्याकडे वळून, "कुठे रे हे?"

"बरंच लांब आहे, बाबा," नवरा म्हणाला.

जेवण झाल्यावर आम्ही ताईला स्वयंपाकघरात घेऊन सगळं सांगितलं. ती ओट्याला टेकून उभी राहिली. मला वाटलं, चिडेल. पण ती एवढंच म्हणाली, "आता तरी सांगून टाका." नवरा म्हणाला, "सांग तू." ती म्हणाली, "मी कशी सांगू?" मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तुमचा बाप, तुमचा पंप, मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला बरी सून सापडते. तेवढ्यात मामंजी दारात आले. त्यांनी माळ्यावरून काढायला लावलेले जुने गमबूट त्यांच्या हातात होते आणि ते मला फडकं मागत होते. कित्येक वर्षांत हा माणूस स्वतःहून कुठे जायला निघाला नव्हता.

मग आम्ही शहाण्यांनी मसलत केली. पलीकडच्या फाटकानं आत जायचं. पहिल्या मनोऱ्यापर्यंत नेऊन परत आणायचं. पंपघर तिथून खूप दूर राहतं. वसाहत पाण्याखाली आहे, सगळीकडे बोरू आणि गवत, आणि त्यांची नजर अशी. त्यांना ओळखू येणार नाही. जो माणूस भिंतीला हात लावून मोटर ओळखतो त्याच्याबद्दल आम्ही हे ठरवत होतो.

रविवारी ऊन चांगलं होतं. मामंजी गमबूट घालून, काठी टेकत लाकडी वाटेवरून चालले होते, आणि शेजारी नात, गळ्यात दुर्बीण अडकवलेली. अभयारण्याची माहिती सांगणारी एक तरुण मुलगी आमच्यासोबत होती, टोपी घातलेली, हसरी. मामंजी इतके खुशीत होते की मला आमची भीती मूर्खपणाची वाटायला लागली. ते नातीला जलपर्णी दाखवून म्हणाले, "ही बया ओळखून ठेव. फुलं काय सुंदर येतात हिला. माझी कंबर हिनंच खाल्ली." नात फिदीफिदी हसली. वाटेच्या फळीवर त्यांनी काठी आपटून पाहिली आणि सुताराला पास केलं. एक लांब पायांचा पक्षी चिखलात काहीतरी शोधत होता, त्याला बघून म्हणाले, "हा जाळी साफ करतोय."

पहिला मनोरा आला. नवरा म्हणाला, "चला, इथून परत फिरू, ऊन वाढतंय." पण नात आधीच वर चढली होती. ती वरून ओरडली, "आजोबा, पाण्यात एक टाकी आहे. तिच्यावर काळे पक्षी पंख पसरून बसलेत."

"पाणकावळे," माहिती सांगणारी मुलगी म्हणाली. "पंख वाळवतात ते."

मामंजींनी हात वर करून दुर्बीण मागितली. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला लावली. वसाहतीची पाण्याची टाकी तेवढी पाडलेली नव्हती. ती पाण्याच्या वर, आपल्या चार खांबांवर उभी होती आणि तिची लोखंडी शिडी एका बाजूला वाकलेली होती. ती शिडी कशी वाकली हे मला ठाऊक आहे, घरात सगळ्यांनाच ठाऊक आहे. माझा नवरा लहानपणी तिच्यावरून पडला होता आणि हनुवटीवरची खूण अजून आहे.

मामंजींनी खूप वेळ पाहिलं. दुर्बीण नातीला परत दिली. मग त्यांनी मान थोडी वाकडी केली, जेवताना करायचे तशी, आणि ऐकत उभे राहिले. पाणी होतं, पक्षी होते, गवतातून वारा होता.

"इथून पंप ऐकू यायला पाहिजे," ते म्हणाले.

"वारा उलटा आहे, बाबा," माझा नवरा म्हणाला.

मला त्या क्षणी त्याचा राग आला, आणि इतकी दयाही आली की मी दुसरीकडे बघायला लागले. 'पंप' हा शब्द ऐकून माहिती सांगणाऱ्या मुलीचा चेहरा उजळला. तिचा काय दोष. तिला वाटलं, आजोबांना जुन्या गोष्टींत रस आहे. ती सांगू लागली, "हो ना, पूर्वी इथे एक मोठा पंप होता. सगळं पाणी उपसून नदीत टाकायचा. त्यामुळे ही पाणथळ मरायला टेकली होती, पक्षी येईनासे झाले होते. तो पंप बंद केला म्हणून तर हे सगळं परत आलं. पंपघर आहे अजून, मुलांना आवडतं. दाखवू?"



"कधी बंद केला?" मामंजींनी विचारलं. अगदी सभ्यपणे, पोस्टात चौकशी करावी तसं.

"नऊ-दहा वर्षं तरी झाली."

त्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर तो पाया पडला असता, रडला असता, काहीतरी झालं असतं. ते नुसतं त्याच्याकडे पाहत राहिले, आणि नवरा आपल्या चपलांकडे. मग मामंजी त्या मुलीला म्हणाले, "चला, दाखवा."

वाट लांब होती, पण ते वाटेत कुठे बसले नाहीत. मी हात धरायला गेले तर त्यांनी धरू दिला, हे विशेष. मधे एकदा त्यांनी खाली पाण्यात काठी घालून पाहिली. काठी पूर्ण बुडाली तरी तळ लागला नाही. काठी बाहेर काढून त्यांनी ती झटकली आणि पुढे चालू लागले.

पंपघर मला ओळखू आलं नसतं. भिंतींवर बाहेरून पक्षी रंगवले होते. नदीच्या बाजूची भिंत काढून तिथे मोठी काच बसवली होती, बसायला पायऱ्या केल्या होत्या. आणि मधोमध ते इंजिन होतं. झगझगीत पिवळ्या रंगात रंगवलेलं. कुणाचीतरी दोन मुलं त्याच्यावर घोडा करून बसली होती आणि त्यांचा बाप फोटो काढत होता. माझ्या मनात आलं, सासूबाई, बघायला या, तुमची सवत कशी नटवून ठेवलीय.

मामंजी बाजूला उभे राहिले. मुलं उतरेपर्यंत थांबले. मग पुढे होऊन त्यांनी इंजिनाच्या अंगाला तळवा टेकवला आणि डोळे मिटले. मी त्यांना हे हजार वेळा करताना पाहिलं होतं आणि दर वेळी निकालाची वाट पाहिली होती. आत्ताही पाहत होते.

"गार आहे," ते म्हणाले.

कोपऱ्यात जुना लाकडी बाक तसाच होता, ज्याच्या पायाला माझ्या नवऱ्याला बांधून ठेवायचे तो. मामंजी त्याच्यावर बसले. गमबुटांकडे बघत होते. नात त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि काहीतरी बिघडलंय हे कळून तिनं दुर्बीण मांडीवर ठेवली. मग ते बोलले, आमच्यापैकी कुणाला उद्देशून नाही.

"मग त्या दिवशी बंद केला असता तरी चाललं असतं."

"तसं नाही, बाबा," नवरा त्यांच्यासमोर उकिडवा बसला. त्याचा आवाज फाटला होता. "त्या दिवशी खाली माणसं होती. घरं होती. तुम्ही होता म्हणून वाचली."

मामंजींनी मान हलवली. "होती ना, घरं होती," ते म्हणाले. "आपलंही होतं."

ताई काचेकडे तोंड करून उभी होती. तिथून ती बाहेर निघून गेली.

परतताना गाडीत नात झोपली.  घरी आल्यावर मी सगळ्यांच्या आधी स्वयंपाकघर गाठलं, कारण तिथे निदान हाताला काम असतं. दिवे लागायची वेळ झाली. मी चहा करून बाहेर आणला. नवरा मामंजींच्या समोरच्या खुर्चीवर बसला होता आणि मला दिसत होतं की तो प्रश्नाची वाट बघतोय. आज काय विचारतील, आणि विचारलं तर आज आपण खरं सांगू, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. रोजची वेळ आली आणि गेली. मामंजींनी विचारलं नाही. चहावर साय धरली.

मग ते ताईकडे वळले.

"तू होतीस ना तिच्यापाशी," ते म्हणाले. "त्या दिवशी. काय म्हणाली ती?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मला हे नवऱ्यानं नंतर सांगितलं, पण ते तेव्हाच कळत होतं. ताईनं हातातली बशी खाली ठेवली. तिनं भावाकडे बघितलं. ती काहीतरी गोड सांगू शकली असती. शेवटी तुमचंच नाव घेतलं, मुलांना सांभाळा म्हणाली, लोक सांगतात तसं. या घरात खोटं बोलायचा सराव सगळ्यांना होता, आणि कुणी तिला दोष दिला नसता. मीही मनातून तिला म्हणत होते, सांग, काहीतरी सांग.

"तिला आडवं होता येत नव्हतं," ताई म्हणाली. "भिंतीला टेकून बसली होती. मला म्हणाली, खिडकीशी जा आणि ऐक. चालू आहे का अजून, बघ. मी ऐकलं. मी म्हटलं, चालू आहे. ती म्हणाली, बंद पडला की येतील ते."

मामंजी तिच्याकडे बघत होते.

"मग थोड्या वेळानं परत म्हणाली, ऐक. मी परत सांगितलं, चालू आहे. असं किती वेळा तरी झालं, बाबा. शेजारच्या काकू तुम्हाला बोलवायला गेल्या होत्या, घरात आम्ही तिघंच होतो, हा तर झोपलेला. नंतर तिनं विचारायचं थांबवलं. तिचं बोलणंच थांबलं. मला वाटलं, तिला बरं वाटेल, म्हणून मी आपली खिडकीतून सांगत राहिले. चालू आहे. चालू आहे, आई."

एवढं बोलून तिनं पदर तोंडाला लावला. रोज संध्याकाळी ती भाजीचं ताट तसंच टाकून का उठत होती, ते मला तेव्हा कळलं. मला माझी जीभ तोडून टाकावीशी वाटली.

मामंजींनी कप बाजूला सरकवला. मग त्यांनी हात लांब केला आणि ताईच्या डोक्यावर तळवा ठेवला. डोळे मात्र उघडे होते.

"बरोबर सांगितलंस," ते म्हणाले. "चालूच होता. मी एकदाही हवा धरू दिली नाही त्याला."

त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी उठले, अंघोळ केली, गमबूट स्वतः पुसून दारामागे ठेवले. नातीला कागदाची होडी करून दिली. मला वाटलं, पार पडलं एकदाचं.

संध्याकाळी नवरा दुकानातून आला. दारात चपला काढताना सवयीनं थांबला, तसाच उभा राहिला. आत मामंजी खुर्चीवर बसले होते, हातात चहाचा कप होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि आपणच म्हणाले, "बंद आहे."

"हो, बाबा."

"मग आता घरी जायला हरकत नाही," मामंजी म्हणाले. ते घरातच बसलेले होते, आपल्या रोजच्या खुर्चीवर, पण आमच्यापैकी कुणीही त्यांना तसं सांगितलं नाही. मी त्यांच्या हातातला गार झालेला कप काढून घेतला आणि चहा पुन्हा गरम करायला ठेवला.